सूर्यप्रकाशातील घातक अतिनील किरण सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने कसे मोजावेत

सूर्याकडून येणारे अतिनील किरण मोजण्यासाठी चांगली विद्युत उपकरणे उपलब्ध असताना सूक्ष्मजीवांचा आधार का घ्यावा, हा प्रश्न रास्त आहे. साधा संवेदक त्याच्यावर किती ऊर्जा पडली एवढेच सांगतो, परंतु जीवसृष्टीच्या दृष्टीने सर्व तरंगलांब्यांची ऊर्जा सारखी नसते. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील ऊर्जेपैकी सुमारे ९५ टक्के भाग ३१५ ते ४०० नॅनोमीटर या ‘अ’ पट्ट्यातला असतो. २८० ते ३१५ नॅनोमीटरचा ‘ब’ पट्टा उरलेल्या अल्प भागात येतो आणि २८० नॅनोमीटरच्या खालचा ‘क’ पट्टा वातावरणातच शोषला जातो. तरीही पेशीतील डीएनएची थेट हानी प्रामुख्याने त्या अल्पशा ‘ब’ भागामुळेच होते, कारण डीएनए सर्वाधिक शोषण २६० नॅनोमीटरच्या आसपास करते आणि तेथून लांब तरंगलांब्यांकडे जावे तसे हे शोषण झपाट्याने घटते. ३०० नॅनोमीटरच्या तुलनेत ३२० नॅनोमीटरच्या किरणांची डीएनएला इजा करण्याची क्षमता शेकडो पटींनी कमी भरते. प्रत्येक तरंगलांबीला तिच्या घातकतेनुसार वजन देऊन बेरीज करण्याचे हे काम पेशी स्वतःच करते. आपल्याला फक्त किती पेशी वाचल्या ते मोजायचे असते.

सूर्यप्रकाशाने जिवाणू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट या संशोधकांनी १८७७ मध्येच दाखवले होते. मात्र मारणे आणि मोजणे यांत फरक आहे, आणि तो मुख्यतः योग्य जीव निवडण्यात आहे.

दुबळा जीव हाच चांगला मापक

निरोगी पेशी ही मापक म्हणून फारशी विश्वासार्ह नसते, कारण ती झालेली इजा सतत दुरुस्त करत असते. अतिनील किरणांमुळे डीएनएच्या एकाच धाग्यावरील शेजारशेजारच्या दोन पिरिमिडिन घटकांमध्ये, विशेषतः थायमिनमध्ये, नको असलेला बंध तयार होतो आणि त्यांची जोडगोळी होते. अशी जोडगोळी राहिली तर डीएनएची नक्कल अडते. या इजेतून सावरण्यासाठी पेशीकडे अनेक मार्ग असतात. खराब तुकडा कापून नवा भरणे हा एक मार्ग. नक्कल होताना इजेला वळसा घालून पुढे जाणे हा दुसरा. फोटोलायेज नावाचे विकर दृश्य प्रकाशातील निळ्या भागाची ऊर्जा वापरून तो बंध थेट तोडते, हा तिसरा. प्रकाशावर चालणारी ही दुरुस्ती १९४९ मध्ये केल्नर आणि डल्बेको यांनी स्वतंत्रपणे नोंदवली. मोजमापाच्या दृष्टीने तीच सर्वांत त्रासदायक ठरते, कारण इजा करणारे आणि इजा भरून काढणारे असे दोन्ही किरण एकाच सूर्यप्रकाशात असतात. ढग आले, की दृश्य प्रकाश आणि अतिनील किरण यांचे प्रमाण बदलते, आणि निरोगी पेशींचे जगण्याचे प्रमाण त्या बदलासोबत भलतीकडे सरकते.

म्हणून दुरुस्तीची क्षमता काढून घेतलेले उत्परिवर्ती वाण वापरावे. बेकरीत वापरल्या जाणाऱ्या यीस्टचे, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसियाचे, असे एक वाण शैक्षणिक प्रयोगांत वापरले जाते. त्यात रॅड-१, रॅड-१८ आणि पीएचआर-१ ही तीन जनुके निकामी केलेली असल्यामुळे वर सांगितलेले तिन्ही मार्ग बंद असतात. ही पेशी एकगुणित असते, म्हणजे प्रत्येक जनुकाची तिच्याकडे एकच प्रत असते. निरोगी यीस्टला ज्या उन्हाने फारसे काही होत नाही, त्या उन्हात हे वाण सेकंदांच्या हिशेबात मरू लागते. अभ्यास नवा असेल तर सुरुवात याच यीस्टने करावी असे माझे स्पष्ट मत आहे. ते निरुपद्रवी आहे, ३० अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवसांत डोळ्यांना दिसतील अशा वसाहती (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) देते, आणि त्याला विशेष पोषक माध्यमाची गरज नसते.

दुसरा पर्याय बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या बीजाणूंचा आहे. बीजाणू सुप्त असतो, त्याचा चयापचय जवळजवळ थांबलेला असतो आणि कोरड्या अवस्थेत तो दीर्घकाळ टिकतो. त्याच्यातील लहान प्रथिने डीएनएला चिकटून त्याची ठेवण बदलतात, त्यामुळे नेहमीच्या जोडगोळ्यांऐवजी ‘बीजाणू प्रकाशोत्पाद’ म्हणून ओळखली जाणारी वेगळी इजा होते. बीजाणू उगवताना ही इजा एका खास विकराने दुरुस्त होते. परिणामी, वाढत्या पेशींच्या तुलनेत बीजाणू २५४ नॅनोमीटरच्या किरणांपुढे साधारण ५ ते ५० पट अधिक टिकाव धरतात. तास, दिवस किंवा आठवडे अशा दीर्घ काळाची एकत्रित मात्रा मोजायची असेल तेव्हा हाच गुण उपयोगी पडतो. अधिक संवेदनशीलता हवी असल्यास दुरुस्तीत उणे असलेली बीजाणूंची वाणेही वापरली जातात. टी-७ हा जिवाणूभक्षक विषाणू आणि युरॅसिलचा पातळ थर यांवर आधारलेले मापकही आहेत, पण त्यांची तयारी वेगळी असल्याने पुढील वर्णन यीस्टला धरून केले आहे आणि बीजाणूंविषयी आवश्यक तेथेच लिहिले आहे.

तयारी

माध्यमासाठी एक लिटर पाण्यात १० ग्रॅम यीस्ट अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि माध्यम घट्ट करणारे २० ग्रॅम अगार घेऊन ते १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे निर्जंतुक करावे. हात लावता येईल इतके निवल्यावर ते पेट्री डिशमध्ये ओतावे. प्लेटी ओतल्यावर लगेच वापरू नयेत. एक-दोन दिवस झाकून ठेवल्यास पृष्ठभागावरचा ओलावा जिरतो, अन्यथा पाण्याच्या पातळ थरातून पेशी वाहून एकमेकींत मिसळतात आणि झाकणावर जमलेले थेंब प्रकाश विखुरतात.

प्रयोगाच्या एक-दोन दिवस आधी यीस्ट ताज्या प्लेटवर रेघ ओढून वाढवावे. त्यातील काडीच्या टोकावर येईल एवढे यीस्ट निर्जंतुक पाण्यात नीट ढवळावे आणि पेशींचे गुच्छ राहिले नाहीत याची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करावी. ही तपासणी टाळू नये. चार पेशींचा गुच्छ एकच वसाहत देतो आणि चारांपैकी एक जरी वाचली तरी ती वसाहत दिसते, त्यामुळे मात्रा प्रत्यक्षाहून कमी भासते. त्यानंतर पेशीगणक काचपट्टीवर मोजणी करून दहा-दहा पटींनी विरलन करत जावे. ०.१ मिलिलिटर पसरवल्यावर प्लेटवर सुमारे २०० पेशी पडतील असे एक विरलन आणि सुमारे २,००० पेशी पडतील असे दुसरे, अशी दोन विरलने तयार असावीत. कमी काळ उन्हात ठेवायच्या प्लेटींसाठी पहिले आणि जास्त काळ ठेवायच्या प्लेटींसाठी दुसरे वापरावे, म्हणजे शेवटी प्रत्येक प्लेटवर ३० ते ३०० या मोजण्याजोग्या मर्यादेत वसाहती उरतात.

पेशी अगारच्या पृष्ठभागावर पसरवूनच उन्हात ठेवाव्यात. यीस्ट अर्क स्वतः अतिनील किरण भरपूर शोषतो, म्हणून द्रव माध्यमात तरंगणाऱ्या पेशींना मिळणारी मात्रा खोलीनुसार बदलते. पृष्ठभागावर ही अडचण राहत नाही. पेशी पसरवल्यापासून पुढचे सर्व काम मंद, शक्यतो पिवळ्या प्रकाशात करावे आणि प्लेटी ॲल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळून न्याव्यात, कारण हे वाण इतके हळवे आहे की खोलीतील दिव्यांच्या अतिनील अंशाकडेही दुर्लक्ष करून चालत नाही.

झाकणाचा प्रश्न

पेट्री डिशचे झाकण हे या मोजमापातील सर्वांत दुर्लक्षित अंग आहे. पॉलिस्टायरिनचे झाकण सौर ‘ब’ किरणांपैकी बराच भाग जाऊ देते, पण सर्व नाही, आणि वेगवेगळ्या उत्पादनांत थोडाफार फरक पडतो. साध्या खिडकीच्या काचेतून ‘अ’ किरण मोठ्या प्रमाणात पार होतात, ‘ब’ मात्र जवळजवळ अडतात. म्हणून काचेची डिश वापरल्यास मापक अर्धा आंधळा होतो. झाकण काढून प्लेट उघडी ठेवली तर हवेतील बुरशी बसते. यावर उपाय म्हणजे झाकण काढून डिशच्या तोंडावर पॉलिएथिलीनचा पातळ पारदर्शक पापुद्रा ताणून बसवणे. तो अतिनील किरणांना फारसा अडवत नाही. कोणताही मार्ग घेतला तरी संपूर्ण प्रयोगात आणि पुढील सर्व प्रयोगांत तोच ठेवावा, आणि झाकणासह व झाकणाविना थोड्या वेळासाठी ठेवलेल्या दोन प्लेटींची तुलना करून त्याचा परिणाम एकदा तरी मोजून ठेवावा.

झाकणांच्या याच गुणाचा उलट उपयोगही करता येतो. एका प्लेटवर सुमारे ३१५ नॅनोमीटरच्या खालचे किरण अडवणारा पॉलिएस्टरचा पापुद्रा आणि दुसरीवर ते जाऊ देणारा सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा लावल्यास, पेशी नेमक्या कोणत्या पट्ट्यामुळे मरत आहेत ते एकाच दुपारी स्पष्ट होते.

उन्हात ठेवणे

पहिल्या खेपेस किती वेळ योग्य ठरेल ते माहीत नसते, म्हणून ५, १०, २०, ४०, ८० आणि १६० सेकंद अशी दुपटीने वाढणारी मालिका घ्यावी. प्रत्येक वेळेसाठी निदान तीन प्लेटी असाव्यात. त्यांच्याबरोबर दोन प्रकारच्या नियंत्रक प्लेटी लागतात. पहिल्या प्रकारच्या प्लेटी पत्र्यात गुंडाळून उन्हातच, इतरांच्या शेजारी, सर्वांत दीर्घ वेळ ठेवाव्यात. त्यांवरील वसाहतींची संख्या हीच मूळ संख्या मानायची, कारण पेशींनी उष्णता आणि हाताळणी सोसली पण प्रकाश नाही. दुसऱ्या प्रकारात निरोगी वाणाच्या प्लेटी उघड्या ठेवाव्यात. त्यांची संख्या जवळजवळ घटली नाही, तर मृत्यू कोरडेपणामुळे किंवा तापण्यामुळे झालेले नाहीत याची खात्री पटते. प्लेटींखाली ओले कापड किंवा पाण्याचे उथळ ताट ठेवल्यास त्या तापत नाहीत.

प्लेटी आडव्या, सपाट ठेवाव्यात. सूर्याकडे तोंड करून तिरप्या ठेवलेल्या प्लेटवर थेट किरण अधिक पडतात, पण आकाशाचा काही भाग तिच्या दृष्टीआड जातो आणि जमिनीवरून परावर्तित प्रकाश तिच्यात शिरतो. ‘ब’ किरणांचा मोठा हिस्सा आकाशातून विखुरलेला येतो, त्यामुळे शेजारची भिंत, झाड आणि स्वतः प्रयोगकर्त्याचे शरीरदेखील मोजमाप कमी करते. पांढऱ्या पृष्ठभागाजवळ उलट घडते: ताजा बर्फ सुमारे ८० टक्क्यांपर्यंत आणि कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते. तळाला काळे, निस्तेज कापड अंथरावे.

नोंदवहीत तारीख, नेमकी वेळ, सूर्याची उंची, ढगांचे स्वरूप, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि धुरकटपणा लिहून ठेवावा. सूर्याच्या उंचीसाठी उभ्या काठीची लांबी आणि तिच्या सावलीची लांबी यांचे गुणोत्तर पुरते. दर १,००० मीटर उंचीमागे अतिनील किरण साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. उपग्रहांनी मोजलेले ओझोनचे त्या दिवसाचे प्रमाण डॉबसन एककांत मिळाले तर तेही नोंदवावे, कारण ओझोन एक टक्क्याने घटल्यास डीएनएला इजा करणारा प्रकाश साधारण दोन टक्क्यांनी वाढतो.

वेळ संपताच प्लेट पत्र्याखाली न्यावी आणि अंधारातच ३० अंश सेल्सिअसला ठेवावी. निरोगी वाणाच्या बाबतीत हा अंधार अत्यावश्यक आहे. तिहेरी उत्परिवर्ती वाणात प्रकाशाने दुरुस्ती होत नसली तरी नवी इजा मात्र होऊ शकते.

मोजणी आणि हिशेब

दोन-तीन दिवसांनी मलईच्या रंगाच्या, कडा गुळगुळीत असलेल्या वसाहती दिसतात. दाट पेशी पसरवून अर्धा भाग पत्र्याने झाकलेली एखादी प्लेट प्रात्यक्षिकासाठी केली असेल, तर झाकलेल्या बाजूला सलग थर आणि उघड्या बाजूला जवळजवळ मोकळे अगार दिसते. मधली सीमा मात्र नेहमीच रेखीव नसते. पत्रा अगारला चिकटून नसेल तर आकाशातून तिरपा आलेला प्रकाश त्याच्या कडेखाली शिरतो आणि तेथे विरळ होत गेलेल्या वसाहतींची एक अरुंद पट्टी तयार होते. विखुरलेल्या किरणांचा इतका बोलका पुरावा आकड्यांतून सहसा मिळत नाही. मोजणीच्या प्लेटींवर काही वसाहती इतरांपेक्षा लहान असतात. त्या इजा होऊनही वाचलेल्या पेशींच्या असतात, म्हणून त्याही मोजाव्यात आणि अंतिम मोजणी तिसऱ्या दिवशीच करावी.

हिशेब समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. अंधारातील नियंत्रक प्लेटींवर सरासरी २०० वसाहती आहेत. २० सेकंदांच्या प्लेटींवर १२१, ४० सेकंदांच्या प्लेटींवर ७४ आणि ८० सेकंदांच्या प्लेटींवर २७ उरल्या. दहापट पेशी घेतलेल्या १६० सेकंदांच्या प्लेटींवर ३६ उरल्या, म्हणजे २,००० पैकी ३६. वाचलेल्यांची संख्या भागिले मूळ संख्या हे जगण्याचे प्रमाण झाले: ०.६०५, ०.३७, ०.१३५ आणि ०.०१८. या प्रमाणाचा नैसर्गिक लॉगरिदम काढून त्याचे चिन्ह बदलले, की ०.५, १, २ आणि ४ हे आकडे मिळतात. हीच जैविक मात्रा होय. तिचा अर्थ असा, की प्रत्येक पेशीला सरासरी किती प्राणघातक आघात बसले. आघात यादृच्छिक पडत असल्याने सरासरी एक आघात झाला तरी सुमारे ३७ टक्के पेशी आघात न होता सुटतात, म्हणून ३७ टक्के जगण्याची पातळी हे या क्षेत्रातले रूढ मानक आहे. वेळ आडव्या अक्षावर आणि जैविक मात्रा उभ्या अक्षावर मांडल्यास येथे सरळ रेषा मिळते, आणि तिचा चढ सेकंदाला ०.०२५, म्हणजे मिनिटाला दीड आघात, इतका येतो. त्या क्षणीच्या सूर्यप्रकाशाची जैविक तीव्रता म्हणजे हाच चढ.

रेषा सुरुवातीला सपाट असून नंतर चढत असेल, तर पेशींमध्ये दुरुस्ती शिल्लक आहे किंवा गुच्छ आहेत असे समजावे. शेवटाकडे ती सपाट होत असेल, तर काही पेशी सावलीत राहिल्या किंवा प्लेटवर दुसराच जीव शिरला आहे. अशा वेळी मधल्या सरळ भागावरूनच चढ काढावा आणि तसे स्पष्ट लिहावे. मोजणीतील अटळ अनिश्चितता संख्येच्या वर्गमूळाइतकी असते: १०० वसाहतींमागे १०, म्हणजे १० टक्के. ३० वसाहतींवर आधारलेला आकडा दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत देण्यात काही अर्थ नाही.

इतर मोजमापांशी सांगड

वेगवेगळ्या दिवसांचे किंवा ठिकाणांचे आकडे ताडून पाहायचे असतील तर एक स्थिर संदर्भ लागतो. प्रयोगशाळेत २५४ नॅनोमीटरचा पाऱ्याच्या वाफेचा जंतुनाशक दिवा आणि त्याची तीव्रता मोजणारा मापक असल्यास, त्याच पेशींचे जगण्याचे प्रमाण ज्ञात मात्रांवर काढावे. मग सूर्यप्रकाशाची मात्रा ‘२५४ नॅनोमीटरच्या इतक्या ज्यूल प्रति चौरस मीटर मात्रेशी समतुल्य’ अशी सांगता येते. हा दिवा डोळ्यांना व त्वचेला इजा करतो, म्हणून तो बंद पेटीतच वापरावा आणि चेहरा झाकणारे पारदर्शक कवच घालावे.

हवामान खात्यांकडून प्रसिद्ध होणाऱ्या अतिनील निर्देशांकाशी तुलना करताना मात्र सावध राहावे. त्या निर्देशांकाचा एक अंक म्हणजे त्वचा लाल होण्याच्या वक्रानुसार वजन दिलेली २५ मिलिवॅट प्रति चौरस मीटर तीव्रता. तो वक्र ३०० नॅनोमीटरच्या पुढे डीएनएच्या वक्राइतका झपाट्याने उतरत नाही. त्यामुळे सूर्य खाली जाऊ लागला, की यीस्टने दाखवलेली तीव्रता निर्देशांकापेक्षा लवकर घसरते. ही मापकातील चूक नाही. दोन्ही साधने दोन वेगवेगळ्या हानी मोजत आहेत. त्याच कारणाने यीस्टच्या आकड्यावरून एखाद्याची त्वचा किती वेळात भाजेल हे सांगू नये, कारण त्वचेवर मृत पेशींचा थर आणि रंगद्रव्य असते, आणि तिच्यात दुरुस्तीची यंत्रणाही शाबूत असते.

दिवसभराची मात्रा हवी असेल तर यीस्टची प्लेट सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवून उपयोग नाही. पेशी काही मिनिटांतच संपतील, आणि मंद प्रकाशात त्या अगारवर विभागूही लागतील. त्याऐवजी दर तासाला छोटी मालिका घेऊन तीव्रतेचा आलेख काढावा आणि त्याखालचे क्षेत्रफळ मोजावे, किंवा बीजाणूंकडे वळावे. बीजाणूंचे द्रावण ८० अंश सेल्सिअसला १० मिनिटे तापवले, की उगवलेल्या पेशी मरतात व बीजाणू तेवढे राहतात. त्याचे थेंब गाळण-पटलावर एकावर एक थर चढणार नाहीत इतक्या विरळपणे सुकवावेत, ठरलेल्या काळासाठी उन्हात ठेवावेत आणि नंतर पाण्यात उतरवून, विरलन करून प्लेटींवर मोजावेत. या पद्धतीत बीजाणू पारदर्शक पटावर अगारमध्ये बसवून, उन्हानंतर पोषणद्रव्यात वाढवून, तयार झालेली प्रथिने रंगवून त्यांची घनता प्रकाशाने मोजण्याचा प्रकारही विकसित झाला आहे. अशा पटांचा वापर अंतराळातील प्रयोगांतही झालेला आहे.

प्रयोगानंतर

वापरलेल्या सर्व प्लेटी पुन्हा १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करून मगच टाकाव्यात. वाण निरुपद्रवी असले तरी प्लेटवर हवेतून दुसरे काय वाढले आहे ते सांगता येत नाही. मूळ वाण तिरप्या अगारच्या नळीत, पत्र्यात गुंडाळून, शीतकपाटात ठेवावे आणि ठरावीक काळाने नव्या नळीत उतरवावे. वारंवार उतरवलेल्या संवर्धनात इतर यीस्टची भेसळ होण्याचा धोका कायम असतो, आणि भेसळ झालेली नळी डोळ्यांना वेगळी दिसत नाही. म्हणून प्रत्येक मालिकेपूर्वी एका प्लेटवर आपले वाण आणि निरोगी वाण यांच्या दोन समांतर रेघा ओढाव्यात, अर्धी प्लेट झाकून ती थोडा वेळ उन्हात धरावी, आणि उघड्या अर्ध्या भागात आपल्या वाणाची रेघ नाहीशी होऊन दुसरी शिल्लक राहिली तरच ती नळी मोजमापासाठी वापरावी.